ओरिवाल्दोच्या अंगातला गंज

असाई म्हणजे नदीकाठचा, बोराएवढ्या जांभळ्या फळांचा ताड. त्याचं झाड माणसाच्या मांडीएवढंही जाड नसतं, आणि उंच असं की शेंड्यावरून नदीचं पुढचं वळण दिसतं. ते चढायची रीत एकच. पानांना पीळ देऊन केलेला फास दोन्ही पावलांत अडकवायचा, तळवे खोडाला दाबायचे आणि पायांनी अंग वर ढकलायचं. हात फक्त धरायला. जो हातांनी स्वतःला ओढतो त्याचे दंड लगेच भरून येतात, आणि मग तो अर्ध्या झाडावर खोडाला मिठी मारून बसतो, सासरी निघालेल्या मुलीनं आईला मारावी तशी.

ओरिवाल्दोनं अशी मिठी उभ्या आयुष्यात मारली नव्हती. पन्नाशी ओलांडली तरी तो हिसका न देता, एका लयीत वर जायचा. वर पोचला की घोस कापायचा, मग झाड अंगाच्या झोक्यानं वाकवून शेजारच्या झाडावर जायचा आणि तिथला घोस कापून तिथूनच उतरायचा. खाली येईपर्यंत एकही दाणा सांडायचा नाही. सकाळी ऊन तापायच्या आत टोपल्या भरायच्या, होडीत घालून नदीपलीकडे बेलें शहराच्या बाजारात पाठवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी झाडांकडे बघायचंही नाही. त्या दिवशी टोपल्या विणायच्या, होडीच्या फटी बुजवायच्या, झुल्यात पडायचं. कामाचा हा बेत त्यानं कधी ठरवला नव्हता. त्याच्या सासऱ्याचा तसाच होता, तोच पुढे चालू राहिला.

सासऱ्यानं आणखी एक गोष्ट मागे ठेवली होती. खांबांवर उभ्या असलेल्या या घराला नदीच्या अंगाला ओसरी होती आणि ओसरीत झुला टांगायचे दोन आकडे होते. तिथे नदीचा वारा यायचा आणि डास फिरकायचे नाहीत. झुला टांगायची दुसरी जागा मागच्या बाजूला, कोंबड्यांच्या खुराड्याला लागून. म्हाताऱ्याचा नियम साधा होता : पुढचे आकडे घरातल्या सगळ्यात चांगल्या चढणाऱ्याचे. म्हातारा थकला तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं आपला झुला सोडला, जावयाचा टांगला आणि स्वतः कोंबड्यांकडे गेला. त्या दुपारी ओरिवाल्दोला ओसरीत झोप लागेना, इतकं त्याला भरून आलं होतं. त्यानंतर मात्र कधी झोपेची अडचण आली नाही.

मग घरात जुरांदीर आला. जुरांदीर म्हणजे ओरिवाल्दोच्या बायकोचा, लुसिदेयाचा, धाकटा भाऊ. त्याच्या होडीचं इंजिन बिघडलं म्हणून तो दोन दिवस राहायला आला. इंजिन सुधारलं, पण जुरांदीर तिथंच राहिला. चढायला तो बरा होता, झोपायला त्याहून बरा. मागच्या आकड्यांवर त्याचा झुला लागला आणि त्याच्या तक्रारी सुरू झाल्या. कोंबडा पहाटेच्या आधीच ओरडतो. एक तांबडी कोंबडी झुल्यात येऊन बसते आणि उठवलं तर टोचते. तिनं परवा पोटावर अंडं घातलं, असंही तो म्हणाला. लुसिदेयानं ते अंडं कुठं आहे एवढंच विचारलं.

एका दुपारी जेवताना जुरांदीरनं वाडग्यातून मान न उचलता विषय काढला. बाबांचा नियम अजून चालू आहे ना, असं त्यानं विचारलं. चालू आहे, असं लुसिदेया म्हणाली.

"मग दाजी, यंदा जत्रेच्या चढाईत बघू या का? जो आधी खाली येईल त्याचे पुढचे आकडे."

गावच्या देवळाच्या जत्रेत दर हंगामाला चढाईची शर्यत व्हायची. ओरिवाल्दो ती बरीच वर्षं जिंकत आला होता. गेल्या वर्षी मात्र तो खाली टेकला तेव्हा जुरांदीरचे पायही जमिनीपासून हातभरच वर होते. लोक ते विसरले होते, पण ओरिवाल्दो विसरला नव्हता.

बायकोनं नाही म्हणावं असं त्याला वाटत होतं. ती म्हणाली, "बाबांचा नियम आहे, मी कशी मोडू? फक्त भांडणं नकोत."

त्या रात्री ओरिवाल्दो झुल्यात पडला आणि त्याला कोंबड्याचा आवाज ऐकू येऊ लागला. एरवी तो ओसरीपर्यंत पोचत नसे.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं आपला बेत मोडला. एक दिवसाआड चढणारा माणूस रोज चढू लागला, आणि लयीत चढणारा माणूस जिवाच्या आकांतानं. तो धावत झाडाशी जायचा, धापा टाकत वर पोचायचा, घसरतच खाली यायचा आणि पुढचं झाड धरायचा. डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत थांबायचं नाही असा त्यानं नियम केला. पहिल्या काही दिवसांत वेग खरंच वाढला. तो जेवताना जुरांदीरकडे बघून नुसता हसायचा.

पुढे अंग कुरकुरू लागलं. सकाळी उठल्यावर मांड्या अशा धरायच्या की धक्क्याच्या पायऱ्या तो पाठमोरा उतरायचा. त्याचा कुत्रा आधी थांबून बघायचा, मग ओलांडून पुढे जायचा. नडगीवरचं खरचटलेलं बरं होईना. झुल्यात पडल्यापडल्या छातीत धडधडायचं आणि झोप यायची नाही. एकदा जेवताना त्याचा हात इतका थरथरला की वाडग्यातला अर्धा असाई, म्हणजे फळांचा तो दाट गर, शर्टावर गेला. असाईचा जांभळा डाग धुऊन जात नाही. लुसिदेया म्हणाली, ठीक आहे, आता उरलेला अर्धा पण सांड, म्हणजे रंग सारखा येईल.

झाडावरचा वेग आता कमी झाला होता. ओरिवाल्दोनं त्याचा अर्थ असा लावला की मेहनत कमी पडते आहे. त्यानं मेहनत वाढवली.

तिकडे जुरांदीर सकाळी चार झाडं आरामात चढायचा, पाचव्याकडे बघून मान हलवायचा आणि घरी यायचा. मासा आणि फरिन्या, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा भाजलेला रवा, खाऊन कोंबड्यांत झोपायचा. काही दिवस तर तो झाडाकडे फिरकतही नसे. ओरिवाल्दोनं त्याला मनातल्या मनात हरलेला धरून टाकलं होतं.

अशात आरोग्य खात्याची होडी गावाला आली. होडीतून इव्हानेते नावाची नर्स उतरली. ती दर हंगामाला यायची, देवळाच्या ओट्यावर लोकांना जमवायची, रक्तदाब बघायची आणि काहीतरी चार शब्द सांगायची. यंदा चढणाऱ्यांची संख्या बघून तिनं मेहनतीचा विषय घेतला. ओरिवाल्दो पुढेच बसला होता. उठताना कमरेला त्रास नको म्हणून तो खांबाला टेकून बसला होता.

ती म्हणाली, आपण जोर लावतो तेव्हा शरीर श्वासातल्या प्राणवायूवर चूल पेटवतं. चूल म्हटली की काजळी आली. या जळण्यातून काही उपद्रवी कण सुटतात आणि आपल्याच पेशींना लागतात, लोखंडाला गंज लागावा तसे. डॉक्टर त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. जितका जोर जास्त, तितके कण जास्त.

ओरिवाल्दो ताठ झाला. हे त्याच्याबद्दलच चाललं होतं. आपल्या मांड्यांत काय आहे ते त्याला आज कळलं. गंज.

पुढे ती म्हणाली, आपल्या असाईसारख्या गडद रंगाच्या फळांत हे कण आवरणारे पदार्थ असतात.

एवढ्यात ओरिवाल्दोनं मागे वळून पाणी पाहिलं. ओहोटी लागली होती. देवळाजवळची खाडी उथळ. ओहोटीत जो वेळेवर निघत नाही त्याची होडी चिखलात बसते आणि तो पुढच्या भरतीपर्यंत गावाला हसायला मिळतो. तो उठला, अर्थात खांब धरून, आणि निघाला. नर्स मागून म्हणाली, "काका, अजून अर्धं राहिलंय."

"कळलं ताई, मला लागत होतं तेवढं कळलं," असं म्हणून त्यानं वल्हं मारलं.

वल्हवताना त्यानं सगळा हिशेब मनात मांडला. जोरानं गंज चढतो, असाईनं उतरतो. मग भीती कसली? जितका जोर वाढवायचा तितकी वाडगी वाढवायची.

घरी येताच त्यानं एक मोठं वाडगं संपवलं. असाई त्या घरात रोज दुपारी असायचाच, त्यात नवीन काही नव्हतं. आता तो सकाळी, दुपारी, संध्याकाळी झाला. झाडावरून उतरला की वाडगं, झुल्यात पडायच्या आधी वाडगं. ओरिवाल्दोचे दात जांभळे झाले, ओठ जांभळे झाले, आणि तो हसला की शेजारची लहान पोरं आईच्या मागे लपू लागली. फळाचा गर काढायचं यंत्र दिवसभर घरघरायचं. बाजारात जाणाऱ्या टोपल्या कमी होऊ लागल्या तेव्हा लुसिदेयानं विचारलं की आपण असाई विकतो की नुसता तुला रंगवतो.

तो तिला गंजाचं सांगायचा. ती ऐकून घ्यायची. एकदा ती म्हणाली, "अरे, तुझा विळा गंजला तर तू त्याला घासून, तेल लावून, कोरड्या जागी टांगून ठेवतोस. टांगलेला विळा काही दिवसभर झाडं चढत नाही."

ओरिवाल्दो म्हणाला, विळ्याची गोष्ट वेगळी.

जत्रेचा दिवस आला आणि पाण्यानं घोटाळा केला. शर्यत एरवी सकाळी व्हायची. यंदा सकाळी मोठी भरती होती, देवळामागचं आवार गुडघाभर पाण्यात होतं. चढाईचे पंच अमांसियो काका, देवळाच्या चाव्या सांभाळणारे म्हातारे गृहस्थ. त्यांनी काठी पाण्यात बुडवून पाहिली आणि सांगितलं की ओहोटी लागू द्या, शर्यत जेवणानंतर.

जेवणानंतर म्हटल्यावर चढणारे सगळे सावध झाले. असाई खाल्ला की झुला गाठायचा, हे आमच्याकडे दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. डोळे आपोआप मिटतात. असाई खाऊन कुणी झाडाला हात लावत नाही. म्हणून त्या दुपारी चढणाऱ्यांनी नुसता भात आणि मासा खाल्ला. जुरांदीरनं तर भातही जपून खाल्ला.

ओरिवाल्दोला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण सकाळी उठताना मांड्या दगड झाल्या होत्या. गंज आहे, शर्यतीआधी उतरवलाच पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं एक वाडगं खाल्लं. मग जुरांदीरचे मोकळे हलणारे पाय पाहिले आणि दुसरं खाल्लं. लुसिदेया समोर उभी होती.

"तू हे आत्ता खातोयस?"

"औषध आहे," ओरिवाल्दो म्हणाला आणि वाडगं पुसून खाल्लं.

शर्यतीचा नियम असा : एका झाडावर चढायचं, घोस कापायचा, वरच्यावर शेजारच्या झाडावर जायचं, तिथला घोस कापायचा आणि दोन्ही घोस घेऊन खाली यायचं. अमांसियो काकांनी काठी आपटली आणि सगळे सुटले.

पहिल्या झाडावर ओरिवाल्दो ठीक चढला. पाय जड होते, पण जन्माची सवय होती, त्यांनी वाट सोडली नाही. त्यानं घोस कापून कमरेला अडकवला, झोका घेतला आणि दुसरं झाड धरलं. इथवर तो जुरांदीरच्या बरोबरीला होता. खालून लोक त्याचं नाव घेत होते. त्यानं दुसरा घोस कापला आणि क्षणभर दम खायला थांबला.

तिथं वर वारा होता. झाड हलकेच या बाजूला जायचं, हलकेच त्या बाजूला. पायांत फास घट्ट होता, गाल खोडाला टेकला होता. ओसरीतल्या झुल्यात येतो तसाच नदीचा वारा येत होता. एवढ्या दिवसांची राहिलेली झोप कुठं होती ती सगळी वर चढून आली.

जुरांदीर खाली टेकला. टाळ्या झाल्या. मग दुसरे उतरले, तिसरे उतरले. लोक वर पाहू लागले. एकजण म्हणाला, ओरिवाल्दो काहीतरी डाव खेळतोय. दुसरा म्हणाला, नवस असेल. मग वरून घोरण्याचा आवाज आला आणि सगळी जत्रा गप्प झाली.

अमांसियो काकांनी बराच वेळ ऐकलं. शेवटी ते म्हणाले, "झोपलाय, पण घोस सोडलेला नाही. एकही दाणा खाली नाही. हे मी नोंदवतो."

हाका मारायची भीती वाटत होती. दचकून पडला तर? जुरांदीर पुढे झाला, पण लुसिदेयानं त्याला हातानं मागे सारलं. तिनं परकर खोचला, स्वतःचा फास पावलांत घातला आणि चढायला लागली. ती घरच्या वाडग्यापुरती एक दिवसाआड चढायची, त्यामुळे तिला घाई करायची सवय नव्हती. लयीत वर गेली. नवऱ्याच्या टाचेपाशी पोचल्यावर तिनं त्याच्या पोटरीवर हात ठेवला.

"ओरिवाल्दो, मी खाली आहे. हात सोडू नकोस. आधी डोळे उघड."

"कोंबडा ओरडला का?" त्यानं वरून विचारलं.

"अजून नाही. आजपासून ओरडेल."

त्याच संध्याकाळी झुले बदलले. ओरिवाल्दोनं सासऱ्यासारखं स्वतःच्या हातानं आपला झुला सोडला, पण सासऱ्यासारखा शांत चेहरा मात्र त्याला ठेवता आला नाही. जुरांदीर चांगल्या मनाचा होता. दाजी, उशी हवी का, असं त्यानं विचारलं. त्या विचारण्यानं जास्त लागलं.

ओरिवाल्दो मागच्या आकड्यांवर आडवा झाला आणि तसाच राहिला. त्याला चढायचंच नव्हतं आता. कशासाठी चढायचं? तो झोपायचा, उठून मासा खायचा, परत झोपायचा. असाई त्याला नजरेसमोर नको होता. तांबडी कोंबडी पहिल्या दिवशी झुल्याच्या काठावर बसली, मग पायाशी, मग पोटावर. तिला हाकलायचेही त्याला कष्ट वाटले. कोंबडा पहाटेआधी ओरडायचा आणि ओरिवाल्दो त्यातूनही झोपायचा.

आठवडाभरात नडगीवरची खपली पडली. पुढे एका सकाळी तो धक्क्यावर गेला आणि पायऱ्या समोर तोंड करून उतरला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. कुत्र्याच्या आलं, कारण कुत्रा मागे राहिला.

त्याच दिवशी आरोग्याची होडी परतीच्या वाटेवर त्यांच्या धक्क्याला लागली. झाडावर झोपलेल्या माणसाची गोष्ट नदीभर पसरली होती आणि इव्हानेतेला तो माणूस कोण असेल याचा अंदाज होता. तिनं त्याची नाडी पाहिली, नडगी पाहिली.

"काका, त्या दिवशी तुम्ही अर्ध्यावर उठलात."

"ओहोटी लागली होती."

"आज भरती आहे. बसा."

मग तिनं राहिलेलं अर्धं सांगितलं. शरीराकडे स्वतःचे सफाई कामगार असतात. बेताची, नेमाची मेहनत केली की थोडी काजळी धरते आणि त्यानंच ते कामगार तयार होतात, तरबेज होतात. तेवढी काजळी हवीच. पण रोज जीव तोडला आणि मध्ये विसावा दिला नाही, तर काजळी वाढत जाते आणि कामगार कमी पडतात. मग पाय जड होतात, जखम भरत नाही, झोप उडते. स्नायूंची दुरुस्ती होते ती मेहनत थांबल्यावर. असाई चांगला, पण वाडगी वाढवून विश्रांतीची भरपाई होत नाही.

ओरिवाल्दोनं विचारलं, "म्हणजे मी आधी करत होतो तेच?"

"आधी काय करत होतात?"

त्यानं सांगितलं. ती म्हणाली, तेच.

 मग त्यानं विचारलं की कोंबडी पोटावर बसली तर त्यानं काही होतं का. ती म्हणाली, याबद्दल आमच्याकडे माहिती नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो एकटाच एका झाडाशी गेला. फास घातला, तळवे दाबले. पायांनी अंग वर ढकललं आणि अंग गेलं. धाप लागली, पण हवी तेवढीच. वर पोचून त्यानं नदीचं पुढचं वळण पाहिलं. घोस कापला, शेजारच्या झाडावर गेला, खाली आला. दाणा सांडला नाही. आणखी काही झाडं केली, ऊन तापायच्या आत घरी आला, आणि त्यानंतरच्या दिवशी टोपली विणत बसला.

तिकडे ओसरीत जुरांदीरची झोप उडाली होती. आकडे मिळेपर्यंत त्याच्याकडे गमावण्यासारखं काही नव्हतं, आता होतं. दाजी गुपचूप चढतात, हे त्यानं पाहिलं. पुढच्या जत्रेत ते आकडे मागणार, हेही त्याला कळलं. एका सकाळी ओरिवाल्दोला धडधड पावलं ऐकू आली. जुरांदीर धावत झाडाशी गेला, धापा टाकत चढला, घसरतच उतरला आणि पुढचं झाड धरलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याच्या शेवटी तो धक्क्याच्या पायऱ्या पाठमोरा उतरत होता आणि कुत्रा थांबून बघत होता.

लुसिदेया मासे साफ करत होती. ती म्हणाली, "माझा भाऊ आहे तो. त्याला सांगणार आहेस की नाही?"

"सांगतो की," ओरिवाल्दो म्हणाला. पोटावरची कोंबडी त्यानं अलगद बाजूला ठेवली आणि तो धक्क्यावर गेला.

जुरांदीर मांड्या चोळत बसला होता. ओरिवाल्दो त्याच्या शेजारी टेकला आणि अगदी मनापासून सांगू लागला. आपण जोर लावतो तेव्हा शरीर चूल पेटवतं. चुलीची काजळी धरते. ती अंगाला गंजासारखी लागते. जितका जोर जास्त, तितका गंज जास्त.

"खरं आहे दाजी," जुरांदीर कण्हत म्हणाला. "मग त्यावर उपाय काय?"

"असाईसारख्या गडद फळांत गंज आवरणारे पदार्थ असतात," ओरिवाल्दो म्हणाला.

मग तो थांबला. त्यानं ओसरीकडे पाहिलं. रिकामा झुला नदीच्या वाऱ्यावर हलत होता. नंतर त्यानं पाण्याकडे पाहिलं, उठला आणि होडीची दोरी सोडली.

"अजून अर्धं राहिलंय रे. पण ओहोटी लागली, मला निघायला हवं."